गार बादली

मुकादमिणीने सकाळी उठून पहिलं काम केलं ते सुनेची पत्र्याची पेटी अंगणात आणून ठेवायचं. पेटी जड होती. उंबऱ्यावर आपटली, एक कोपरा चेपला. आपटली तर आपटली, असं पुटपुटत तिने ती ओढत दगडी ओट्यापाशी नेली आणि वर सुनेच्या चपला ठेवल्या. पेटीवर चपला ठेवणं जरा जास्तच झालं हे तिलाही कळलं, पण एकदा ठेवलेली वस्तू उचलून मागे घ्यायची तिला सवय नव्हती.

ती कधी कुणाची मुकादम नव्हती. पण चार बायका खुरपायला बसल्या की ही बांधावर उभी राहून कुणाचा हात मागे पडला ते सांगायची, म्हणून गल्लीने तिला हे नाव दिलं होतं आणि तिनेही ते मुकाट घेतलं होतं. घरात तर तिच्या हुकमाशिवाय पान हलत नसे. कोठीची किल्ली कमरेला. धान्य, तेल तर सोडाच, मीठसुद्धा कुलपात. सुनेला वाटीभर मीठ हवं असलं तरी आधी "कशाला?" याचं उत्तर द्यावं लागायचं. लग्न होऊन आली तेव्हा सून उत्तरं देत होती. पुढे तिने मागणंच कमी केलं आणि घरातलं जेवण थोडं अळणी झालं.

त्या घरातला एकुलता एक मुलगा जाऊन पंधरवडा होत आला होता. आजारपण नाही, भांडण नाही. कांद्याला पाणी द्यायला विहिरीवर गेला, मोटारीच्या अंगाला हात लागला आणि तिथेच चिकटला. बायको भाकरी घेऊन गेली तेव्हा तो मोटारीशेजारी कुशीवर पडलेला होता आणि मोटार नुसती गुणगुणत होती. तिने आधी तारेचा खटका पाडला म्हणून ती तरी वाचली.

मोटारीने असा दगा देऊ नये म्हणून विहिरीवर एक खड्डा असतो. त्यात धातूची पट्टी पुरतात, कोळसा आणि मीठ भरतात, आणि मोटारीच्या अंगापासून त्या पट्टीपर्यंत एक तार आणून जोडतात. मोटारीच्या अंगात करंट उतरलाच तर तो त्या वाटेने जमिनीत जावा, फ्यूज उडावा आणि माणूस वाचावा, एवढाच त्याचा उपयोग. पावसाळ्यात मीठ वाहून जातं, उन्हाळ्यात खड्डा सुकून खडखडीत होतो, म्हणून दर उन्हाळ्यात त्यात मिठाचं पाणी ओतायचं. यंदा मोटारीला हात लावला की झिणझिण्या येतात असं मुलगा दोनदा म्हणाला होता. मग एका सकाळी आईला सांगून गेला, "आज खड्ड्यात मीठ घालायला सांग. विसरू नकोस." आई विसरली नाही. तिने बादली स्वतःच्या हाताने कालवली आणि सुनेच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला.

आता यात कुणाचं चुकलं, हे मुकादमिणीने प्रेत घरातून हलायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. बादली दिली होती आणि खड्ड्याने काम केलं नाही. म्हणजे बादली खड्ड्यापर्यंत गेलीच नाही. सुनेने ऊन बघून, लांब बघून, ती वाटेतच कुठेतरी उपडी केली. तिला हे खरंच वाटत होतं, ती कुभांड रचत नव्हती. पोटचा मुलगा गेल्यावर माणसाला कुणाचा तरी हात धरून सांगावंसं वाटतं की हे तुझ्यामुळे झालं, आणि तिला तो हात घरातच सापडला होता.

सून एकच वाक्य बोलायची. "मी ओतली." पहिल्या दिवशी रडत बोलली, मग नुसतं बोलली, आणि आता तर कुणी विचारलं तरच.

"बाई, पेटी अंगणात कशाला काढलीत?" शेजारीण कुंपणावरून म्हणाली. ती हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली होती.

"तिचा भाऊ येतोय आज. मीच निरोप धाडला. घेऊन जा म्हटलं तुझ्या बहिणीला."

"आणि पोर?"

"पोर माझ्या मुलाची आहे. ती इथेच राहणार."

"अहो, तीन वर्षांची आहे ती. आईवाचून राहील का?"

"राहील. मी नाही का राहत मुलावाचून?" मुकादमीण म्हणाली. शेजारीण सूप घेऊन घरात गेली, आणि थोड्या वेळाने नातीला हाक मारून स्वतःकडे खेळायला घेऊन गेली.

सून यातलं काही ऐकायला घरात नव्हतीच. उजाडायच्या आत ती शेतावर गेली होती. मोटार दुरुस्तीला गेल्यापासून ती विहिरीतून दोराने पाणी शेंदायची आणि घागरीने कांद्याला घालायची. एवढ्या कांद्याला घागरीने काय होणार? एक वाफा भिजेपर्यंत पहिला सुकायचा. माना टाकलेली पात पिवळी पडत चालली होती आणि जमिनीला अशा भेगा गेल्या होत्या की त्यात खुरप्याची मूठ मावावी. तरी ती शेंदत होती. आज आपल्याला इथून काढणार आहेत हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही शेंदत होती.

दिवस बराच वर आल्यावर वायरमन मोटार घेऊन गल्लीतून गेला. त्याच्या मागोमाग मुकादमीण निघाली. कुणीही एकट्याने काम करावं आणि आपण तिथे नसावं, हे तिला दुःखातसुद्धा सहन होत नव्हतं.

वायरमन एरवी बडबड्या माणूस. पंखा बसवायला आला तरी घरातल्या म्हातारीची, जावयाची, म्हशीची चौकशी करून जाणारा. आज त्याने मान खाली घालून मोटार जागेवर ठेवली, बोल्ट आवळले, तारा जोडल्या. गेलेला मुलगा त्याच्या बरोबरीचा होता.

"आतली गुंडाळी जळाली होती, मावशी," तो शेवटी म्हणाला. "तार उघडी पडून अंगाला टेकली होती. सगळी नवी भरून आणली. आता मोटारीत खोट नाही. पण खड्डा बघू द्या."

त्याने पिशवीतून बल्ब काढला. होल्डरला दोन लांब वायरी होत्या. एक टोक त्याने चालू तारेला लावलं, दुसरं खड्ड्यातल्या पट्टीला. बल्बच्या आतली तार नुसती लालसर झाली. निखारा विझत आला की दिसतो तेवढीच. त्याने हाताची सावली धरली तेव्हा कुठे ती दिसली.

"खड्डा मेलाय तुमचा," वायरमन म्हणाला. "करंट जमिनीत उतरतच नाही. मीठ कधी घातलं होतं?"

"घातलं होतं. आदल्याच दिवशी. मी स्वतः कालवून दिलं."

"मग हा बल्ब असा मरतुकडा का? भरून मीठ पडलं असतं तर चकचकीत पेटला असता."

"ते तिला विचार," मुकादमीण म्हणाली, आणि हनुवटीने विहिरीकडे दाखवलं. सून घागर काखेत घेऊन कठड्यापाशी उभी होती. चेहरा उन्हाने काळवंडलेला, पदर कमरेला खोचलेला.

वायरमन अवघडला. तरी त्याने विचारलं, "ताई, बादली ओतली होती का तुम्ही?"

"ओतली," सून म्हणाली. मग पंधरवड्यात पहिल्यांदाच तिने पुढे एक वाक्य जोडलं. "बादली गार होती. पायावर थोडी सांडली तर अंगावर काटा आला."

"विहिरीचं पाणी गारच असतं," वायरमन म्हणाला, आणि पक्कड शोधू लागला.

सून घागर घेऊन वाफ्यांकडे गेली. मुकादमीण मात्र जागच्या जागी थांबली होती. ते पाणी विहिरीचं नव्हतं. अंगणातल्या उन्हात तापलेल्या पिंपातलं होतं.

बादली गार का झाली ते तिला माहीत होतं. मिठाने पाणी असं गार होत नाही. युरियाने होतं. पिकाला घालायला युरिया कालवताना हात कसा गारठतो, हे शेतात राबलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्या दिवशी बादलीत तिचाच हात कोपरापर्यंत होता.

खड्ड्याला लागून एक लिंबोणी होती. मुकादमिणीने लग्नानंतर पहिल्या वर्षी स्वतः लावलेली. नवरा लवकर गेला, दीर वाटणी करून निघून गेले, पण लिंबोणी जागची हलली नाही. भर उन्हात ती तिच्या सावलीला बसायची, आणि खरं सांगायचं तर माणसांशी बोलायची नाही इतकं तिच्याशी बोलायची. गेल्या उन्हाळ्यात खड्ड्यात मीठ पडलं आणि लिंबोणीच्या पानांच्या कडा करपल्या. निम्मं झाड उघडं पडलं. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं की पुन्हा मीठ घालू द्यायचं नाही. यंदा मुलगा मीठ म्हणाला तेव्हा तिने कोठीतलं मीठ कोठीतच ठेवलं आणि विहिरीजवळच्या शेडमधल्या गोणीतून युरिया घरी आणला. तेही पांढरं, हाही पांढरा. तेही पाण्यात दिसेनासं होतं, हाही होतो. खड्ड्याचंही काम होईल आणि झाडालाही खत मिळेल. आपण केवढी अक्कल चालवली, असं वाटून ती त्या दिवशी खूशसुद्धा होती. मुलाला सांगितलं नाही, कारण तो हसला असता.

आणि आजही तिची खात्री होती की त्यात चूक काही नाही. खात्री असली तरी एकदा बघून घ्यावं, असं तिला वाटलं.

"काय रे," ती वायरमनला म्हणाली, "मीठच का लागतं? पाण्यात विरघळणारं दुसरं काही चालत नाही?"

"साखर घालता का?" वायरमनला तेवढ्यातही थट्टा सुचली. "मुंग्या तरी धन्यवाद देतील."

"नीट सांग."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. वायरमनने पक्कड खाली ठेवली. बाई दुःखात आहे, तिचं मन जरा दुसरीकडे लागेल, असा विचार त्याने केला असावा. त्याने शेडमधला प्लास्टिकचा मग घेतला, त्यात पाणी भरलं, पट्टीवरचं टोक काढून न्यूट्रलला, म्हणजे करंटच्या परतीच्या तारेला लावलं आणि बल्बची एक वायर मधे तोडून तिची दोन उघडी टोकं मगात सोडली, एकमेकांपासून दूर.

"हात लावू नका हं. हे बघा, नुसतं पाणी."

बल्बमधली तार पुन्हा तशीच लालसर झाली.

"विहिरीच्या पाण्यात थोडेफार क्षार असतातच, त्याची ही एवढी धुगधुगी. अगदी शुद्ध पाणी असतं तर हीसुद्धा दिसली नसती. आता मीठ."

त्याच्या डब्यात कांद्याबरोबर खायला आणलेली मिठाची पुडी होती. त्याने खटका पाडून पुडी मगात उपडी केली, काडीने ढवळलं आणि खटका वर केला. बल्ब भक्कन पेटला. भर दुपारी डोळ्यांना त्रास व्हावा असा.

"बघितलंत? पाण्याला स्वतःहून करंट नेता येत नाही. ओझं वाहायला माणसं लागतात ना, तसं लागतं. मिठाचा दाणा कोरडा असला की त्यातले दोन भाग एकमेकांना घट्ट धरून असतात. एकाकडे अधिक, दुसऱ्याकडे उणं. पाण्यात पडले की ते सुटे होतात. मग अधिकवाला एका वायरीकडे पळतो आणि उणावाला दुसरीकडे. ही जी पळापळ, तोच पाण्यातला करंट."

"आणि साखर? ती पण विरघळते की."

"विरघळते. पण फुटत नाही, मावशी. तिचा कण न कण अख्खाच राहतो. त्याच्यावर अधिकही नाही, उणंही नाही. तो पाण्यात हिंडतो नुसता, ओझं काही उचलत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. नाहीसं झालं म्हणजे काम झालं असं नसतं."

मुकादमीण वळली. शेडमध्ये गेली. कोपऱ्यातल्या गोणीत हात घातला आणि मूठ भरून बाहेर आणली. तिच्या बोटांच्या फटीतून पांढरे दाणे सांडत होते.

"हे घालून बघ."

"युरिया? हा कशाला?"

"बघ म्हणते ना."

वायरमनने मग दोनदा विसळला आणि नवं पाणी घेतलं. बल्बमध्ये पुन्हा ती लालसर तार. मग त्याने खटका पाडला, मूठभर युरिया मगात टाकला आणि ढवळला. मगाला बाहेरून पाण्याचे बारीक थेंब फुटले, इतकं ते गार झालं. दाणे वितळून दिसेनासे झाले, पाणी स्वच्छ झालं, अगदी मिठाच्या पाण्यासारखं. त्याने खटक्याकडे हात नेला.

आयुष्यात मुकादमिणीने कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या क्षणी तिने मागितलं. पेट, असं ती त्या बल्बला मनातून म्हणाली. एवढ्या वेळी पेट. तू पेटलास की मी सुटले. मग सुनेनेच बादली सांडली, मग माझा मुलगा तिच्यामुळे गेला, मग मी रडू तरी शकेन.

खटका वर गेला. तार लालसर झाली. तेवढीच.

"अजून घाल," मुकादमीण म्हणाली.

वायरमनने अजून घातला.

"अजून."

"मावशी, अख्खी गोणी ओतली तरी एवढाच राहील. तोही साखरेच्या जातीचा. विरघळतो, पण सुटा होत नाही." त्याने बल्ब काढला आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. "खरं तर माझंच चुकलं. दोस्ताला मी नुसतं 'मीठ घाल' म्हणून सांगितलं. का घालायचं ते सांगितलं असतं तर त्याने स्वतः उभं राहून घालून घेतलं असतं. पण त्याने विचारलं नाही आणि मीही सांगत बसलो नाही. असो. घरून मीठ आणता का? चांगलं दोन-तीन किलो आणा. तोवर मी खड्डा उकरून ठेवतो."

त्याला काही कळलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईला कसला तरी चाळा, एवढंच त्याला वाटलं. मुकादमीण लिंबोणीखाली क्षणभर उभी राहिली. झाडाला कोवळी पालवी फुटली होती. गेल्या कित्येक वर्षांत असा हिरवा रंग तिला चढला नव्हता. बादलीतला युरिया मुळांना लागला होता आणि झाडाने तो घेतला होता. मुकादमिणीने त्या पालवीकडे पाठ केली आणि ती घराकडे निघाली.

वाट फार लांब नव्हती, पण त्या वाटेवर तिने सगळा हिशोब केला. कुणाला माहीत आहे? वायरमनला नाही. शेजारणीला नाही. गोणी बोलणार नाही. सून संध्याकाळपर्यंत गेलेली असेल. मीठ घेऊन जायचं, खड्ड्यात घालायचं, बल्ब पेटलेला बघायचा आणि म्हणायचं, बघा, मी सांगत नव्हते? हिने ओतलीच नव्हती. बोलणं सोपं होतं. निम्मी गल्ली तिच्या बाजूने होतीच. नात मांडीवर वाढली असती आणि कधीतरी मोठी होऊन म्हणाली असती, आजी, माझ्या आईमुळे बाबा गेले ना? आणि आपण हो म्हणालो असतो. इथवर विचार आला आणि मुकादमिणीचा पाय अडखळला.

अंगणात सुनेचा भाऊ आला होता. पेटीशेजारी उकिडवा बसून तो बहिणीच्या चपला हातात घेऊन बघत होता. शेजारीण नातीला कडेवर घेऊन कुंपणापाशी होती, आणखी दोघीतिघी जमल्या होत्या. मागून रिकामी घागर घेऊन सून आली. तिला भाऊ आल्याचं बांधावरून दिसलं असावं. सगळ्यांना वाटलं आता मुकादमीण तोंड सोडणार, आणि जी ती कान टवकारून उभी राहिली.

"बादलीत मीठ नव्हतं," मुकादमीण म्हणाली.

कुणाला काही उमजलं नाही. भावाने वर बघितलं. "म्हणजे काय, काकू?"

"मी मीठ घातलंच नव्हतं. युरिया घातला होता. लिंबोणी जळेल म्हणून. मला वाटलं विरघळतं म्हणजे सारखंच. आत्ता वायरमनने बल्ब लावून दाखवलं, त्यातून करंट जात नाही. हिने बादली ओतली होती. बरोबर ओतली होती." मग तिला वाटलं की हे पुरेसं झालं नाही, म्हणून ती पुढे म्हणाली, "मुलगा माझ्यामुळे गेला."

शेजारणीने तोंडावर पदर धरला. भाऊ उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण समोर म्हातारी बाई होती आणि ती स्वतःच बोलली होती, त्यामुळे रागाचं काय करायचं ते त्याला सुचेना. त्याने चपला बहिणीच्या पायाशी नेऊन ठेवल्या.

सुनेने घागर खाली ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"युरिया होता ते. पाणी पायावर सांडलं तेव्हाच. मी काय युरिया आज कालवते, आई?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी?"

सून नेहमीच्या आवाजात बोलत होती, तांदूळ निवडताना बोलावं तशी.

"मागे एकदा मी विचारलं होतं, आई, डाळीत मीठ राहिलं का. तर तुम्ही आठवडाभर माझ्या हातचं जेवला नाहीत. तेव्हापासून विचारायचं सोडलं. बादली गार लागली, म्हटलं असेल, आईंना माहीत असेल. आईंना सगळं माहीत असतं. ओतली आणि आले." तिने पदराने मान पुसली. "मलाही वाटत होतं, विरघळतं ते सारखंच. म्हणून हे गेल्यापासून मला कळतच नव्हतं, मी ओतली तर मग चुकलं काय. रात्रंदिवस तेच डोक्यात. कुठून ओतली, कशी ओतली, पट्टीवर पडली की बाजूला पडली. तुम्ही म्हणत होता हिने ओतली नाही. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं, नसेलच ओतली."

मुकादमीण खाली बसली. ओट्यावर नाही, जमिनीवर. पंधरवड्यात तिला रडू आलं नव्हतं ते आता आलं, आणि ते फार वाईट रडणं होतं. त्याला आवाज नव्हता. कुणी जवळ गेलं नाही. सूनही गेली नाही.

"चल," भाऊ बहिणीला म्हणाला. "पोरीला घे. आता या घरात एक क्षण थांबायचं नाही. आता कोण अडवतं तेच बघतो."

"कुणी अडवत नाही," जमिनीवरून मुकादमीण म्हणाली. "पोर तिची आहे."

सुनेने शेजारणीकडून मुलीला घेतलं, तिचं नाक पुसलं आणि तिला भावाच्या हातात दिलं. मग ती सासूसमोर येऊन उभी राहिली.

"किल्ली द्या."

मुकादमिणीने कमरेची किल्ली सोडून दिली. सुनेने कोठी उघडली आणि मिठाची गोणीच बाहेर आणली. खांद्यावर घेतली.

"सगळी?" मुकादमिणीच्या तोंडून निघून गेलं. "झाडाच्या बाजूला जरा..." पुढचे शब्द तिने गिळले. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सून थांबलीसुद्धा नाही.

विहिरीवर वायरमनने खड्डा उकरून ठेवला होता. सुनेने मीठ ओतलं, कोळशाचा थर, पुन्हा मीठ, मग घागरीमागून घागर पाणी. मुकादमीण मागून आली होती. ती पाणी शेंदून देत होती आणि सून ओतत होती. वायरमन एकदा या बाईकडे बघायचा, एकदा त्या बाईकडे. पाणी खाली मुरल्यावर त्याने बल्बची टोकं जोडली. बल्ब पांढराशुभ्र पेटला.

मघाशी याच उजेडासाठी मुकादमिणीने जीव पाखडला होता. आता ती त्याच्याकडे बघू शकली नाही.

"झालं," वायरमन म्हणाला. "मी टेस्टर लावून बघितलंय, मोटार साफ आहे. करा चालू."

सून खटक्यापाशी गेली, पण तिचा हात खटक्याला लागेना. तिने तीनदा तो उचलला आणि खाली घेतला. शेवटी तिने डोळे मिटून खटका ओढला. मोटार गुरगुरली आणि मग एकसारखी चालू लागली. पाइपात हवा खवखवली. तोटीजवळची झडप मोकळी करायची म्हणजे मोटारीला खेटूनच उभं राहावं लागायचं. नवरा तिथेच पडला होता. सूनच पुढे निघाली.

"थांब," मुकादमीण म्हणाली. "आधी मी."

वायरमन "मावशी, काही होत नाही" असं म्हणेपर्यंत ती पुढे झाली होती. तिचे पाय अनवाणी होते आणि सांडलेल्या मिठाच्या चिखलात बुडालेले होते. तिने पंजा उघडला आणि मोटारीच्या अंगावर सपाट ठेवला, मुलाचा हात जिथे होता तिथे.

काही झालं नाही. लोखंड थरथरत होतं, तेवढंच.

सुनेने झडप मोकळी केली. पाणी धडधडत पाटात पडलं आणि भेगाळलेल्या जमिनीवरून वाफ्यांकडे सरकू लागलं. भेगांनी आधी ते सगळं पिऊन टाकलं. मग हळूहळू ते पुढे गेलं. सून खोरं घेऊन पाटाबरोबर चालू लागली, पाणी फुटेल तिथे माती ओढत. पहिल्या वाफ्याशी ती थांबली आणि न वळता बोलली.

"कांदा निघेपर्यंत राहते. पोरही राहील. मग बघू."

मुकादमिणीने मान हलवली. ती कुणाला दिसली नाही. मोटार तापत चालली होती. वायरमनने सामान आवरलं आणि जाताना म्हणाला, मावशी, काढा आता हात, चटका बसेल. तिने हात काढला नाही. काढून तो कुठे ठेवायचा, हे तिला कळत नव्हतं.